गाडी खाली करायच्या आधी

वणीत कोणाचा चेहरा किती मोठा, हे फुलसिंगच्या फ्लेक्सच्या दुकानात ठरत असे. ठरवणारे दुसरेच असत, तिथे डिझाइन करणाऱ्या दीपाच्या हाती फक्त माउस. नेत्याचा चेहरा चार फूट, त्याच्या मुलाचा दोन फूट, शुभेच्छुकांचे वीतभर, आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम ठेवला त्यांचे अंगठ्याएवढे. हा फ्लेक्सचा धर्म. कोणाचा चेहरा इंचभर कमी पडला, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानाचं शटर उघडायच्या आत तो माणूस शेपटीवर पाय पडल्यासारखा ओरडत हजर. वर लोक मोबाइलवरून नखाएवढे फोटो पाठवत आणि ते चार फूट करून मागत. मग फोटो फुटायचा, म्हणजे नाकाडोळ्यांचे नुसते चौकोन व्हायचे, आणि शिव्या खायला दीपा. दोन वर्षांत तिने इतके चेहरे लहानमोठे केले होते, की रस्त्यात कोणी भेटलं तरी हा वीतभर की दोन फूट, हेच तिच्या मनात आधी यायचं.

त्या जुलैत तिने जे बॅनर केलं, त्यात त्रेचाळीस चेहरे होते. वर भाऊसाहेब. खाली अक्षरं: ‘कपाशीच्या लेकरांना लॅपटॉपची भेट’. भाऊसाहेबांची वणीत जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी होती, आणि निवडणूक वर्षभरावर आली होती, त्यामुळे कपाशीची लेकरं त्यांना एकाएकी फार आठवू लागली होती. बारावीला चांगले गुण मिळालेल्या वीस मुलामुलींची यादी निघाली. यादीत अकरावं नाव: दीपा उकंडा पाझारे. स्वतःचं नाव स्वतःच टाइप करताना तिला हसूही आलं आणि रागही आला. फोटो मात्र तिने मैत्रिणीच्या कॅमेऱ्यावर नीट काढून घेतला होता. तो फाइलमध्ये पुराच्या पुरा टाकला आणि नियमाप्रमाणे अंगठ्याएवढा करून तिसऱ्या ओळीत बसवला.

तिला अमरावतीला उपयोजित कलेला प्रवेश मिळाला होता. तिथल्या सरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, मशीन तगडं लागेल, नाहीतर पहिल्याच परीक्षेला रडशील. दीपाला ते सांगायची गरज नव्हती. दुकानातल्या कॉम्प्युटरवर, काम संपलं की, ती एक चित्रांचं पुस्तक करत होती. त्यात एक गुलाबी बोंडअळी गावात येते, सगळ्यांच्या घरी पाहुणचार घेते आणि जाताना सातबारा मागते. बारा पानं झाली होती, वीस व्हायची होती. आदल्या साली, म्हणजे सतरा साली, अळीने त्यांची कपाशी पार पोखरली होती. तेव्हापासून ती अळी दीपाच्या डोक्यात बसली होती. तिला हे पुस्तक पुरं करायचं होतं. त्याशिवाय तिला करमणार नव्हतं, बस.

आणि मशीन तिला सापडलंही होतं. राजूरच्या कोळसाखाणीतल्या एका सर्व्हेयरची बदली झाली होती. खाणीचे नकाशे काढायचा त्याचा लॅपटॉप तो विकायला काढून फुलसिंगच्या दुकानात आला. विटेसारखा जाड, कोपरे घासलेले, पंख्याच्या जाळीत कोळशाची काळी भुकटी. दीपाने डिझाइनचा प्रोग्राम आणि फाइली भरलेला पेनड्राइव्ह लावून त्रेचाळीस चेहऱ्यांचं बॅनर त्यावर उघडलं. समोरचा कट चहा निम्मा होईस्तोवर सगळे चेहरे हजर. तिने अळीची बारा पानं उघडली, एकाच वेळी. पंखा घरघरला, पण मशीन अडलं नाही.

“हाच,” ती म्हणाली.

“अवं, हा तर दगड हाये,” फुलसिंग म्हणाला. तो तांड्यावरचा, वयाने चाळिशीचा, बोलायला मोकळा. “मांडीवर घेतला त मांडी मोडते.”

“मोडू द्या. काम नाही मोडत.”

सर्व्हेयर रविवारी संध्याकाळी गाव सोडणार होता. तोवर पैसे आण, नाहीतर नागपूरचा एक जण तयार आहे, असं सांगून तो गेला. पैसे दीपाकडे होते. दोन लग्नसराया आणि एका चौदा एप्रिलच्या कामाचे, आईजवळ डब्यात ठेवलेले. अडचण घरी होती, आणि अडचणीचं नाव उकंडा.

उकंडा दीपाचा बाप. सीझनमध्ये तो भाऊसाहेबांच्याच जिनिंगवर कापसाच्या गाठी बांधायला जायचा. माणूस गरीब गाय. मालकाच्या गाडीचा हॉर्न जरी वाजला तरी सायकलवरून खाली उतरणारा.

“नवा कोरा हाये, फुकट हाये,” तो म्हणाला, “अन तुले तो जुना दगड पाह्यजे? लोकं हासतीन आपल्याले.”

“बाबा, त्याच्यावर माह्यं काम नाही होनार. मी नेटवर कंपनीचं नाव नंबर टाकून पाह्यलं. तो लहान पोरायच्या खेळाचा हाये.”

“तुवा हातात न घेता कसं समजलं?”

“मंग दोन्ही घेते.”

“एक घरात आल्यावर दुसरा कायले? त्या पैशात घरावरचे टिनं होतात. अन नाही घेतला, त मालक काय म्हनन? माह्या सीझनचं काय?”

एक घरात आला की दुसऱ्याचं नाव निघणार नाही, हे दीपाला पक्कं ठाऊक होतं. शिवाय फुकटच्या लॅपटॉपच्या झाकणावर भाऊसाहेबांचा हसरा फोटो चिकटवलेला असणार होता. तो स्टिकरही तिनेच केला होता. वर्गात चार वर्षं तो चेहरा समोर धरून बसायचं, या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

चुलीपाशी बसलेली तुळसाबाई, तिची आई, सगळं ऐकत होती. ती आता म्हणाली, “पाहून येऊ. पाहाले काय जाते? पन पोरी, एक ध्यानात ठेवजो. गाडी खाली कराच्या आधी बोलावं. मंग बोललं त ते रडनं होते.”

हे वाक्य तिने पैसे मोजून विकत घेतलेलं होतं. आदल्या हिवाळ्यात अळीतून वाचलेला कापूस घेऊन माय-लेकी भाऊसाहेबांच्या जिनिंगवर गेल्या होत्या. फाटकावर कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने वरवरचा कापूस पाहिला, मान हलवली, भाव सांगितला. गाडी खाली झाली. कापूस ढिगात पडला आणि मग तो ग्रेडर शर्टाची बाही वर करून आला. ढिगात कोपरापर्यंत हात घातला, पोटातून एक मूठ बाहेर ओढली आणि सगळ्यांसमोर उघडली. “वरून पांढरा हाये, बाई. पोटात कवडी.” कवडी म्हणजे डागाळलेला, दबलेला कापूस. त्या साली कोणाच्या घरात नव्हता? भाव पाडला. नको असेल तर भरा परत गाडीत, म्हणाला. रिकामी गाडी तोवर दुसऱ्याकडे गेलेली. तुळसाबाईने तेव्हा वाद घातला, हात जोडले, आणि शेवटी डोळ्यांना पदर लावला. परत येताना ती एवढंच म्हणाली होती, की आपण बोललो खरं, पण वेळ चुकली.

रविवारी जिनिंगच्या मोकळ्या अंगणात मांडव पडला. कापसाचे दिवस नव्हते, त्यामुळे जिथे एरवी ढीग असायचे तिथे खुर्च्या होत्या. उकडत होतं. स्टेजवर दीपाचं बॅनर वीस फूट पसरलेलं, आणि त्याखाली भाऊसाहेब, म्हणजे खाली खरे आणि वर चार फुटांचे. टेबलावर वीस खोकी, टेपने घट्ट बंद. उकंडा मागच्या खांबाला टेकून उभा राहिला. फुलसिंगही आला होता, बॅनरची दोरी सैल पडू नये म्हणून.

दीपाचा बेत साधा होता. लॅपटॉप तिथेच उघडायचा, बापाच्या डोळ्यांसमोर पाहायचा, आणि चालत नसेल तर नको म्हणायचं. घरी बसून हा बेत फार सोपा वाटला होता. इथे तीन-चारशे माणसं होती, फोटोवाला होता आणि भाऊसाहेब होते.

पहिले दहा झाले. नाव पुकारलं की पोरगं वर जायचं, कागदावर सही करायचं, खोकं घ्यायचं, फोटो काढून घ्यायचं, खाली. अकरावं नाव दीपाचं. कार्यकर्त्याने कागद पुढे सरकवला. तिने वाचला. ‘लॅपटॉप तपासून पाहिला. उत्तम स्थितीत व समाधानकारक मिळाला. याबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.’

“तपासून कवा पाह्यला?” तिने विचारलं.

“घरी जाऊन पाह्यजो. मागं लाइन हाये. सही कर.”

पेन तिच्या हातात होतं. एक सही, एक फोटो, आणि सगळे खूश. बाप खूश, मालक खूश. तिने पेन टेकवलंही. तेवढ्यात तिची नजर खाली गेली. स्टेजच्या पायरीपाशी तुळसाबाई उभी होती. तिने फक्त उजवा हात पुढे केला, हवेतच कोपरापर्यंत खुपसला आणि मूठ मिटून ओढून काढली. त्या मांडवातल्या प्रत्येक बाईमाणसाला त्या खुणेचा अर्थ ठाऊक होता.

दीपाने पेन खाली ठेवलं.

“आधी उघडून पाह्यते,” ती म्हणाली आणि खोकं घेऊन तिथेच, स्टेजवर, मांडी घालून बसली. नखाने टेप ओढली. फर्रकन आवाज झाला. समोरचा माइक चालू होता, त्यामुळे तो आवाज मागच्या खांबापर्यंत गेला.

झाकणावर भाऊसाहेब हसत होते. लॅपटॉप सुरू झाला, म्हणजे व्हायला लागला. दीपाने गळ्यातला पेनड्राइव्ह काढून लावला. मग तिने तीच फाइल निवडली, डोक्यावर लटकलेल्या बॅनरची. पडद्यावर एक गोल चक्र आलं आणि फिरू लागलं. फिरतंय, फिरतंय. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं.

भाऊसाहेब जुने खेळाडू. ते हसून माइकपाशी आले. “पोरगी हुशार आहे आपली! पण बेटा, दानाच्या गाईचे दात मोजत नसतात.”

मांडवात थोडं हसू फुटलं. दीपाचे कान तापले. तेवढ्यात पायऱ्या चढून तुळसाबाई वर आली. पदर खोचलेला, चपला खालीच काढलेल्या.

“भाऊ, दान मांगाले आम्ही आलोच नाही. तुमीच बलावलं,” ती म्हणाली. “अन आमच्या गाईचे दात त तुमचा मानूस दर साली मोजते. याच अंगनात मोजते. कोपरापावत हात घालून मोजते. आज आमी मोजले त कोनतं पाप झालं?”

आता कोणी हसलं नाही. ग्रेडर टेबलाच्या बाजूलाच खोक्यांचा हिशेब धरून उभा होता. तो उगाच खोकी सरळ करायला लागला.

चक्र थांबलं. फाइल उघडली म्हणून नव्हे. ते अर्ध्यावर चिकटलं, आणि पडद्यावर पाटी आली की मेमरी अपुरी आहे. दीपाने एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. काहीच नाही. तिला भीती वाटायची ती केव्हाच संपली होती. आता नुसता संताप होता, आणि संतापात तिला फार स्वच्छ दिसत होतं. उठून माइकपाशी जात तिने लॅपटॉप तसाच उघडा, लोकांकडे तोंड करून, दोन्ही हातांनी वर धरला.

“ज्या बॅनरच्या खाली हे वाटून राह्यले,” ती माइकमध्ये म्हणाली, “ते बॅनर बी याच्यात मावत नाही. वरून पांढरा हाये, भाऊसाहेब. पोटात कवडी.”

मागून एक म्हातारा खो-खो हसला, आणि त्या हसण्याने बांध फुटला. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, काही लावतही नव्हत्या. आणि हसण्यातूनच दुसरा आवाज निघाला. फर्र. मग आणखी एक फर्र. पहिल्या दहा पोरांचे आईबाप आपापली खोकी उघडत होते. एका बापाने लॅपटॉप उलटा करून हलवून पाहिला, जणू आतून सरकी पडणार होती. “याचं चार्जर कुठी हाये?” कोणी ओरडलं. “माह्या त सुरूच होत नाही!” दुसरा. उरलेल्या नऊ जणांपैकी कोणी सहीच्या कागदाकडे गेलं नाही. आधी खोकं द्या, म्हणाले.

भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू आता फक्त झाकणावर आणि बॅनरवर उरलं होतं. त्यांनी माइकवर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, “म्हणजे तुला नको?”

“नको.”

“कॉलेजात काय वापरशील मग?”

“पसंत केलेला,” दीपा म्हणाली. तिने लॅपटॉप बंद केला, खोक्यात नीट ठेवला आणि खोकं टेबलावर, बाराव्याच्या आधीच्या रिकाम्या जागेत, परत सरकवलं.

बाहेर येताना फाटकापाशी फुलसिंग भेटला.

“भाऊ, त्यायचं काम आता आपल्या दुकानात येत नाही. माह्यानं झालं हे.”

“नाही येत,” फुलसिंग म्हणाला. खोटं बोलून धीर देणाऱ्यातला तो नव्हता. “निम्मं दुकान त्यायच्यावर होतं.” मग त्याने डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला. “याडी! पन दोन साल झाले, त्यायच्या पोट्ट्याचं नाक लहान कर, लहान कर म्हनत होते. आता ज्याचं नाक त्याच्यापाशी. तू जा, राजूरचा ऑटो भेटते अजून.” याडी म्हणजे तांड्याच्या बोलीत आई. फार खूश झाला किंवा फार घाबरला की तो आईला हाक मारायचा, आणि या खेपेला दोन्ही असावं.

उकंडा मांडवात दिसला नाही. मागच्या खांबाशीही नव्हता. सायकलही नव्हती. दीपाने आईकडे पाहिलं. “गेला असन घरी,” तुळसाबाई म्हणाली, पण तिचाही आवाज पडला होता. आपण बापाचं काम घालवलं, हे दीपाला आता नीट कळत होतं. पस्तावा होत नव्हता, आणि पस्तावा होत नाही याचंच तिला वाईट वाटत होतं.

माय-लेकी ऑटोतून उतरल्या, तेव्हा राजूरच्या क्वार्टरसमोर टेम्पोत सामान चढलं होतं. सर्व्हेयर घड्याळ पाहत होता. व्हरांड्यात एका खुर्चीवर तो जाड लॅपटॉप ठेवलेला. दीपाने पिशवीतून पैशांची पुरचुंडी काढली.

“थांब.”

फाटकातून उकंडा आत आला. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. वणीपासून त्याने सायकल हाणली होती, आणि ऑटोच्या मागोमाग तो पोचलाही होता. दीपाला वाटलं, आता हा पैसे हिसकणार. टिनं, सीझन, मालक, सगळं एका दमात निघणार. तिने पुरचुंडी घट्ट धरली. काहीही झालं तरी ती सोडायची नाही, असं तिने ठरवलं.

उकंडाने पैशांकडे पाहिलंच नाही. तो खुर्चीसमोर उकिडवा बसला, आणि गाठी बांधून घट्टे पडलेले हात त्याने पँटीला पुसले.

“पैसे देऊ नको अजून,” तो म्हणाला. “आधी पोटातून पाहू.”

दीपाने पेनड्राइव्ह लावला. सर्व्हेयर टेम्पोवाल्याला म्हणाला, दोन मिनिटं थांब. पंखा घरघरला, जाळीतून थोडी काळी भुकटी उडाली. चक्र फिरलं, आणि पडद्यावर भाऊसाहेब आले, मग त्यांचा मुलगा, मग शुभेच्छुक, मग खालची चिमुकली लेकरं, एकूण त्रेचाळीस.

उकंडा वाकून पाहत राहिला. एवढ्या जवळून त्याने मालकाच्या तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं.

“यात तू कुठी हायेस?”

तिने तिसऱ्या ओळीत बोट ठेवलं.

“येवढीशी?” तो म्हणाला. “मोठं करता येते का?”

दीपाने स्वतःच्या फोटोचा कोपरा पकडला आणि ओढला. फोटो वीतभर झाला. तिने आणखी ओढला. शुभेच्छुक झाकले गेले, मुलगा झाकला गेला. ती ओढत राहिली आणि शेवटी भाऊसाहेबही खाली गेले. पडदाभर फक्त तिचा चेहरा उरला, कपाळावर बटा आलेला, किंचित रागीट.

उकंडाने पडद्याला नाक लावून पाहिलं. लेकीच्या तोंडून त्याने दोन वर्षं त्या दुकानातली गाऱ्हाणी ऐकली होती. काय पाहायचं असतं हे त्याला ठाऊक होतं.

“फुटला नाही,” तो म्हणाला.

“नाही फुटत, बाबा.”

“मंग दे पैसे.”